तोंडावर बोट

त्या वर्षी जूनमध्ये आमच्या बालवर्गात कुणीच रडलं नाही, आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

मी जयमाला बाबर, सांगलीत बालवर्गाची बाई. शाळेचं नाव सांगत नाही. वादाला मी भीत नाही, पण तो समोरासमोर करायला आवडतो. माझी निम्मी हयात पोरांच्या रडण्यात गेली. जून म्हणजे आमच्याकडं नुसता कालवा. एक फाटकाला लोंबकळतंय, एक आईची ओढणी सोडत नाही, एकानं चप्पल पार रस्त्यावर भिरकावलेली, एक सारखं 'शू लागली' म्हणून घराकडं पळायला बघतंय. मी एकेकाला काखेत मारून आत आणते. ते मला लाथा घालतं, माझ्या पदराला शेंबूड पुसतं, आणि रडून रडून दमलं की माझ्याच मांडीवर झोपतं. ज्याचं रडून झालं नाही ते पोर शाळेत आलं असं मी धरतच नाही.

हे मी आमच्या मुख्याध्यापिकेला, देशिंगकर मॅडमना, कितीदा तरी सांगितलंय. त्या म्हणतात, "बाबर बाई, तुम्ही फार जुन्या वळणाच्या."

"म्हणून तर टिकलेय," मी म्हणते.

तर त्या वर्षी 'कुशी' आली.

कुशी म्हणजे काय ते कंपनीच्या माणसानं पालकसभेत समजावून सांगितलं. बोलला चांगला, खोटं कशाला सांगू? प्रत्येक माणसाच्या अंगाला स्वतःचा वास असतो. घाम, कातडीवरचं तेल, त्यावर जगणारे सूक्ष्म जीव, या सगळ्यांची मिळून शेकडो द्रव्यं हवेत उडत असतात, आणि त्यांचं प्रमाण दोन माणसांत सारखं नसतं. तान्हं बाळ नजर ठरायच्या आधी आईला ओळखतं ते या वासावरून. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी मेंदूच्या चाळणीतून जातं. वास त्या चाळणीत फारसा अडकत नाही, तो नाकातून जवळजवळ सरळ भीती आणि मायेच्या जागी जाऊन पोचतो. म्हणून आईच्या जुन्या साडीची गोधडी अंगावर घातली की पोर गप झोपतं. "हे तुमच्या आज्यांना ठाऊक होतं, आम्ही फक्त त्याचं यंत्र केलं," असं तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

यंत्र असं. आईनं साबण-पावडर काही न लावता एक सुती बनियन अंगात घालून झोपायचं आणि ते कंपनीला द्यायचं. कंपनी त्यातली द्रव्यं ओळखून हुबेहूब तोच वास तयार करणार आणि मोगऱ्याच्या कळीएवढ्या डबीत भरणार. कळी पोराच्या कॉलरला टाचायची. पोराचा श्वास बिघडला, काळीज धडधडायला लागलं, की कळीला ते कळणार आणि ती वासाची एक फुंकर सोडणार. आई ऑफिसात, तिची कुशी शाळेत.

"आणि पोराला आईच पाहिजे असली तर?" मी मागून विचारलं.

"आईच की ती, मॅडम. त्याच्या नाकाच्या दृष्टीनं."

"पोर म्हणजे नुसतं नाक असतं होय रे?"

सभा हसली. एक बाई तेवढी हसली नाही. पुढच्या रांगेतून मान वळवून ती म्हणाली, "तुम्हाला मुलांना रडवायला आवडतं का हो, बाई?"

ही तन्वी शेटे. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी तोंड दाखवणार. ही दिवसभर लॅपटॉपपुढं कानाला यंत्र लावून परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणार. एकच मुलगी, कैरवी. आमचं दोघींचं बिनसलं ते त्या सभेतच.

जून आला. कैरवी फाटकातून आत आली, मागं वळून बघितलं, खालचा ओठ बाहेर आला. मी हात पसरून तयारच होते. तेवढ्यात कळी टिक वाजली. पोरीनं एक लांब श्वास ओढला, डोळे अर्धवट मिटले, ओठ जागेवर गेला. मग ती मुकाट्यानं जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. तिच्या मागून बाकीची सगळी तशीच. माझे हात तसेच पसरलेले. पालक फाटकाबाहेर एकमेकांना टाळ्या देत होते.

मी तिला कैरी म्हणायची. तिला ते आवडायचं. डबा उघडला की आधी माझ्या नाकाशी धरायची, "बाई, वास घ्या." पोर गोड होतं, वाद आईशी होता.

कळी लावूनसुद्धा पोरं ती पोरंच. रडत नसली तरी दंगा करायचीच. आता प्रत्येक वर्गात कॅमेरा, आणि घरी-ऑफिसात बसून आईबाप बघणार. पालकांच्या ग्रुपवर तन्वीचा मेसेज आला: वर्गात फार गोंधळ दिसतो, बाबर बाईंचा धाक नाही, मुलांना शाळेची सवय लागणार कशी?

मला धाक नाही म्हणे! अहो, मलाही 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणता येतं. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. बाईंनी म्हणायचं, पोरांनी हात छातीशी दुमडायचे आणि एक बोट ओठांवर ठेवायचं. पण त्यातली गंमत अशी की ते टिकत नाही. श्वास सोडेपर्यंत एक जण फुसकन हसतो, त्याला बघून दुसरी, की झालं, सगळा वर्ग सुटला. मुलांना ठाऊक असतं, बाईंनाही ठाऊक असतं. तो आमच्यातला खेळ आहे.

तन्वीनं त्या खेळाची वाट लावली. तिनं मॅडमना सुचवलं, वासानं मुलं शांत होतातच, मग ती रडायची वाट कशाला बघायची? घडी घालायला सांगतानाच वास सोडा. कंपनीला काय, सांगाल ते करून देणार. वर्गातून तो हुकूम ऐकू आला की सगळ्या कळ्या एकदम फुंकर सोडणार, अशी सोय झाली.

"मी माझ्या तोंडानं हे म्हणणार नाही," मी मॅडमना सांगितलं.

"नका म्हणू," मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून स्पीकरच भिंतीवर ठोकला.

काय सांगू तुम्हाला! प्रार्थनेआधी घडी, डब्याआधी घडी, हात धुवायच्या रांगेत घडी, झोपायच्या आधी घडी. स्पीकर बोलला की सगळे हात छातीशी, सगळी बोटं ओठांवर, सगळे डोळे अर्धवट मिटलेले. कुणी हसायचं नाही. पंखा ऐकू यायचा. ग्रुपवर लाल बदामांच्या चित्रांचा पाऊस पडला. तन्वीनं लिहिलं, "अखेर शिस्त आली. धन्यवाद, मॅडम." माझं नाव त्यात नव्हतं ते बरंच झालं.

आता यातलं शास्त्र मलासुद्धा कळतं, आणि ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना कळू नये? कुकरची शिट्टी झाली की पोरं ताटावर येतात, कारण शिट्टीमागून भात येतो. रोज शिट्टी झाली की भाताऐवजी पाठीत धपाटा मिळाला, तर तेच पोर शिट्टी ऐकून पलंगाखाली जाईल. शिट्टी तीच. मेंदू दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या की त्यांची गाठ मारतो, आणि ती दोन्हीकडून बसते. कुशीवाल्यांना वाटलं, आईच्या वासामुळं शाळा गोड होईल. उलटं काय होईल ते कुणी विचारलंच नाही.

दसऱ्याच्या थोडं आधीची गोष्ट. सकाळी स्पीकर बोलला. सगळ्यांच्या घड्या झाल्या, कैरीची होईना. तिचा उजवा हात छातीशी आला, डावा नुसता लोंबत राहिला. ती उजव्या हातानं डावा उचलून वर आणायला बघत होती. कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि तोंडातून चकार शब्द नाही. मी धावले. बाही वर केली तर मनगट वांग्यासारखं सुजलेलं.

"अगं बाई! काय झालं गं कैरी?"

पोरीनं उजव्या हाताचं बोट ओठावर ठेवलं.

मी तिच्या कॉलरची कळी ओरबाडून काढली आणि खिडकीबाहेर फेकली. तिला उचलून मोकळ्या हवेत, अंगणात आणलं. जरा वेळानं ती बारीक आवाजात म्हणाली, "बाई, दुखतंय. काल मी पलंगावरून पडले."

रिक्षातून दवाखाना गाठला. तन्वीला फोन केला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि माझ्यावरच डाफरले, "हाड मोडलंय. हे कालचं आहे! मूल इतक्या वेळात रडलं नाही? घरचे काय करत होते?"

"मी घरची नाही," मी म्हणाले, "पण विचारते घरच्यांना."

डॉक्टरांनी हाड बसवायला हात धरला आणि कैरीनं जी किंकाळी फोडली! जूनपासून अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं असावं. माझा पदर मुठीत धरून, पाय झाडत, भोकाड पसरून ती रडत होती. वाईट वाटायला पाहिजे होतं. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

तेवढ्यात दार ढकलून तन्वी आत आली. "कैरू! बाळा!" म्हणत तिनं पोरीला छातीशी घेतलं.

रडणं नळ बंद करावा तसं थांबलं.

"बघा," तन्वी धापा टाकत आम्हाला म्हणाली, "आई आली की धीर येतो तिला. कालही पडली तेव्हा मी लगेच उचलून घेतलं, लगेच गप्प झाली. म्हणून मला वाटलं, फारसं लागलं नसेल."

डॉक्टर कैरीकडं बघत होते. मीही. आईच्या खांद्याआडून पोरीचं बोट ओठांवर गेलेलं होतं, आणि मोडलेला हात डॉक्टरांच्या हातातून सुटून छातीशी यायला धडपडत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं. आवाज नाही.

"तन्वीबाई, जरा बाहेर जा," मी म्हणाले.

"का? मी तिची आई आहे!"

"म्हणूनच सांगते. दारापर्यंत जा. जा म्हणते ना!"

माझ्या आवाजानं असेल, ती गेली. दाराशी पोचली आणि इकडं कैरीनं पुन्हा टाहो फोडला. तन्वी पळत परत आली. जवळ येताच पोर गप्प, बोट ओठावर. तन्वी थबकली. तिनं स्वतःच एक पाऊल मागं घेतलं, मग आणखी एक. हुंदका फुटला. पुढं आली. हुंदका गिळला.

तिला कळलं. मी नाही नाही ते बोलणार होते, पण तिचा चेहरा बघून तिला दंडाला धरून बाहेर बाकावर आणलं.

बसताच तिनंच तोंड उघडलं. "तुम्ही माझी मुलगी माझ्यापासून तोडली."

"मी? कळी कुणी लावली? घडीला वास जोडायची अक्कल कुणाची? बदाम कुणी पाठवले?"

"तुम्ही वर्गात होता ना! दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं, बोंबलत होते! तुम्ही कॅमेऱ्यात बघत होता, कान बंद करून!"

परिचारिका येऊन आम्हा दोघींना हाकलून गेली.

कंपनीकडं उत्तर तयारच होतं. चूक त्यांची नव्हतीच, यंत्र सांगितल्याप्रमाणं चाललं होतं. त्यांनी तन्वीला नवी बाटली देऊ केली. रोज अंगाला लावायची, तिचा मूळचा वास झाकला जाईल आणि मूल नव्या वासाच्या आईशी नव्यानं जुळेल. तन्वी ती बाटली हातात घेऊन माझ्याकडं आली. डोळे सुजलेले.

"लावू का?"

"लावा की! म्हणजे पोरीची खरी आई कायमची गप्प बसवणारी, आणि ही बाटलीतली दुसरी. लावा!"

"मग काय करू, सांगा ना! नुसतं टाकून बोलता येतं तुम्हाला!"

मी सांगितलं. गाठ जशी बसली तशीच सुटते. वास येत राहिला आणि त्याच्याबरोबर हुकूम आला नाही, असं पुन्हा पुन्हा झालं की मेंदू हळूहळू ते जोडणं सोडून देतो. पण ते घरी होणार नाही, कारण सवय शाळेत लागलीय. तिनं वर्गात येऊन बसायचं. कळ्या बंद, स्पीकर बंद, आणि भरपूर दंगा. आईचा वास आणि दंगा एकत्र आले पाहिजेत.

"माझी नोकरी?"

"माझी तर जाणारच आहे," मी म्हणाले.

गेलीच. मी माझ्या वर्गातल्या स्पीकरची वायर उपटली आणि सगळ्या कळ्या पोह्यांच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. मॅडमनी दिवाळीपर्यंतची नोटीस हातात ठेवली. निम्म्या आयांनी घरी पोराला जवळ घेऊन बघितलं आणि त्यांची तोंडं उतरली. उरलेल्या निम्म्यांनी माझ्यावर तक्रार केली. त्यांची पोरं शेजारच्या वर्गात गेली, तिथं पंखा अजून ऐकू येत होता.

तन्वी रोज यायची. पोरांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची, मांडीवर लॅपटॉप. मी तो काढून घेतला तेव्हा पुन्हा भांडण झालं. पोरं डबे वाजवत, ठोकळे फेकत, एकमेकांच्या अंगावर पडत. कैरी लांबच्या कोपऱ्यात खेळायची, हसायचीसुद्धा. आईच्या जवळून जाताना मात्र आवाज आत घ्यायची. देवळात बोलता बोलता गाभारा आला की बायका गप्प होतात ना, तशी. प्लास्टर निघालं तरी तेच.

"होणार नाही हे," तन्वी एके दिवशी म्हणाली. "तुम्हाला काही येत नाही. तुम्ही मला नुसती शिक्षा करताय."

"करतेय! तुमच्या त्या बदामांची करतेय शिक्षा!"

"चार दिवसांत तुम्ही जाल. मग ही आयुष्यभर मला काही सांगणार नाही. पडली तरी सांगणार नाही. कुणी हात लावला तरी सांगणार नाही. माझ्यापाशी गप्प बसेल! कळतंय का तुम्हाला?"

"तुम्हाला आता कळलं होय?"

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आईच म्हणायची. तन्वीनं माझ्याकडं बघितलं, आणि एवढी थोरली बाई त्या बुटक्या खुर्चीवर मोठ्यानं रडायला लागली. हुंदके देऊन, नाक वाहवत, 'आई गं, आई गं' करत. मला कुठं बघावं कळेना.

या पोरांनी शाळेत रडणं बघितलंच नव्हतं. हातातले ठोकळे हातात राहिले. कैरी कोपऱ्यातून उठली. एकेक पाऊल टाकत आईसमोर आली, तिला नीट न्याहाळलं, आणि आपलं चिमुकलं बोट उचलून आईच्या ओठांवर ठेवलं.

'गप्प बसा तन्वीबाई, आता तरी' असं तोंडातून जाणार होतं.

तन्वीनं ते बोट धरून बाजूला केलं. "नाही," ती ओरडली, "नाही गप्प बसणार! मला दुखतंय! मी रडणार!" आणि आणखी मोठ्यानं गळा काढला. घामानं भिजलेली, केस सुटलेले, तिचा सगळा वास त्या पोरीच्या नाकात जात असणार.

कैरीनं पुन्हा बोट ठेवलं. तन्वीनं पुन्हा काढलं. पोरीला काय करावं सुचेना. हुकूम मोडला जात होता, तोही हुकुमाच्याच वासात. तिचा खालचा ओठ बाहेर आला, जूनमध्ये फाटकाशी आला होता तसाच. टिक वाजायला कळी नव्हती.

मग तिनं आईचा हात दोन्ही हातांनी पकडला आणि करकचून चावली.

"तू मला टाकून गेलीस!" कैरी किंचाळली. "पलंगावरून पडले! हात मोडला! तू फोनवर होतीस! वाईट्ट आहेस तू!" आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून, तिच्याच पोटावर गुद्दे मारत ती रडली. असं रडली की मागच्या मुलानं सूर धरला, त्याला बघून त्याच्या शेजारणीनं, आणि बघता बघता सगळा वर्ग 'आई पाहिजे' म्हणून गळा काढून बसला. उशिरानं का होईना, माझ्या वर्गात जून आला होता.

देशिंगकर मॅडम धावत आल्या. दारात उभ्या राहून कडाडल्या, "हाताची घडी! तोंडावर बोट!"

एकानंही बघितलं नाही.

तन्वीनं मान वर केली. एका हातानं पोरीला आवळून धरलेलं, दुसरा हात तिनं माझ्यापुढं केला. दातांचा गोल उमटलेला, दोन ठिकाणी रक्त आलेलं.

"बाई, बघा," ती रडत रडत म्हणाली, "चावली मला."

"चावणारच. तुमचीच मुलगी आहे," मी म्हणाले आणि हळद आणायला गेले.